घरंदाज गाडीची कैफियत

यंदाच्या अंकासाठी ‘मध्यमवर्गाचे वैभव’ हा विषय संपादकांनी मुक्रर केला, तेव्हा सदनिका, सुवर्णालंकार किंवा परदेशी शिकणारी अपत्ये यांपैकी कशावर तरी मी लिहावे अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु गेल्या दहा-पंधरा वर्षांत ज्या वस्तूपायी महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांनी पाच-सात वर्षांच्या हप्त्यांचा बोजा स्वखुशीने शिरावर घेतला, जी दसऱ्यालाच दारी यावी म्हणून विक्रेत्याच्या विनवण्या केल्या, आणि जिच्या चाकाखाली लिंबू चिरडताना कुलदैवताचे स्मरण केले, ती मध्यम आकाराची, उंच बांध्याची, पाच किंवा सात आसनांची कौटुंबिक एसयूव्ही मला त्या सर्वांहून अधिक बोलकी वाटली. म्हणून मी तिच्या मालकांना गाठत गेलो: पुण्यातील सर्व्हिस सेंटरच्या प्रतीक्षाकक्षांत, वाळवा तालुक्यातील उसाच्या फडाशेजारी, समृद्धी महामार्गावरील थांब्यांवर आणि गृहसंस्थांच्या तळमजल्यांवर.

या मंडळींची कौतुके आणि गाऱ्हाणी ऐकता ऐकता माझ्या ध्यानी आले ते असे की, ही गाडी विकत घेतली जाते ती वर्षातल्या सर्वांत लांबच्या व सर्वांत भरगच्च प्रवासासाठी, आणि वापरली जाते ती मात्र सर्वांत आखूड व सर्वांत रिकाम्या फेऱ्यांसाठी. मालकाचे बहुतेक सुख त्या एका प्रवासात असते. बहुतेक तक्रारींचा उगम उरलेल्या फेऱ्यांत असतो.

वडापचे वंशज

हिचे पूर्वज फारसे घरंदाज नव्हते. १९४७ साली मुंबईत महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून पुढची कित्येक दशके उंच चाकांची गाडी ही मामलेदाराची, फौजदाराची, पाटबंधारे खात्याच्या अभियंत्याची किंवा साखर कारखान्याच्या अध्यक्षांची असे. संसारी माणसाचा तिच्याशी संबंध यायचा तो पश्चिम महाराष्ट्रात वडापमध्ये आणि मराठवाडा-विदर्भात काळी-पिवळीत, गुडघ्याला गुडघा भिडवून बसण्यापुरता. १९९४ साली पुण्याहून आलेल्या टाटा सुमोने, जिचे नाव टेल्कोचे शिल्पकार सुमंत मुळगावकर यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून पडले, या वाहतुकीला एक नवे पर्व दिले, आणि मागच्या दोन समोरासमोरच्या बाकांवर किती माणसे मावतात याचा निकाल प्रत्येक गावाने आपापल्या परीने लावला. १९९८ ची सफारी आणि २००२ ची नाशिकची स्कॉर्पिओ यांनी या बांध्याला रुबाब दिला. तथापि तो रुबाब राजकीय कार्यकर्त्यांकडे अधिक गेला आणि शाळामास्तरांकडे कमी.

शाळामास्तर या बाजूला वळले ते २०११ मध्ये चाकणहून आलेली एक्सयूव्ही ५००, २०१५ मध्ये चेन्नईजवळून आलेली क्रेटा, २०१९ मधील हॅरिअर आणि २०२१ मधील एक्सयूव्ही ७०० यांच्या काळात. यांतील हॅरिअरचा कुलवृत्तांत मोठा मनोरंजक आहे. तिचा सांगाडा विलायती लँड रोव्हरच्या आराखड्यावरून बेतलेला, दोन लिटरचे डिझेल इंजिन मूळचे इटलीच्या फियातचे परंतु घडवलेले शिरूर तालुक्यातील रांजणगावात, आणि सर्व भागांची जुळणी पिंपरीत. कारेगाव-रांजणगावच्या परिसरातला एखादा तरुण कामगार दिवसभर जे इंजिन जुळवतो तेच सुट्टीत त्याच्या मेहुण्याच्या गाडीतून त्याला जेजुरीला नेते, हा योग महाराष्ट्राच्या या पट्ट्यात दुर्मीळ नाही.

आणि मागणी कशी? ७ ऑक्टोबर २०२१ रोजी एक्सयूव्ही ७०० ची नोंदणी उघडली तेव्हा पहिल्या सत्तावन्न मिनिटांत पंचवीस हजार गाड्यांची नोंद झाली. त्या काळात जगभर अर्धवाहक चकत्यांचा दुष्काळ पडला होता म्हणून टॉप मॉडेल मागणाऱ्यांना वर्षाहून अधिक काळ तिष्ठत राहावे लागले. एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नात वरात नेण्यासाठी गाडी नोंदवली होती. ती आली तेव्हा नातवाचे बारसे उरकले होते. हे सांगताना त्यांच्या स्वरात राग यत्किंचितही नव्हता, उलट एक प्रकारचा अभिमानच होता, आणि मला वाटते, एवढी प्रतीक्षा ज्याने केली तो माणूस पुढे त्या गाडीतील दोष सहसा मोठ्याने बोलत नाही.

सरकारदरबारचा वाटा

कारखान्यातली किंमत आणि रस्त्यावरील किंमत यांत जी दरी असते, तिच्यात सरकार वास करते. वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत दीर्घकाळ असा दंडक होता की, ज्या गाडीचे इंजिन पंधराशे घनसेंटिमीटरहून मोठे, लांबी चार मीटरहून अधिक, आणि भार नसताना तळ जमिनीपासून किमान १७० मिलिमीटर उंच, तिच्यावर २८ टक्के कर आणि वर २२ टक्के उपकर, म्हणजे एकूण ५० टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला आणि सरसकट ४० टक्क्यांचा टप्पा आला, म्हणून त्या वर्षीच्या नवरात्रात शोरूमपुढे झेंडूच्या हारांचा खच पडला. ज्यांनी ऑगस्टात गाडी घेतली त्यांची मन:स्थिती वर्णन करण्याचे मी टाळतो.

त्यानंतर राज्याचा एकरकमी वाहनकर: खासगी व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल गाडीस किमतीच्या मानाने ११, १२ वा १३ टक्के, डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के अधिक, आणि कंपनीच्या नावाने घेतल्यास २० टक्के. हा तपशील विक्रेता एका कागदावर पेन्सिलीने लिहून देतो, आणि बहुतेक मालक त्याकडे पाहतही नाहीत, कारण त्यांचे लक्ष तोवर पासिंगकडे लागलेले असते. पुण्यात नोकरी, पुण्यात घर, मुलांची शाळा पुण्यात. परंतु गाडी ‘एमएच शून्य नऊ’ पासिंगचीच हवी, कारण ती वर्षातून दोनदा कोल्हापूरला जाणार आणि तिथे गल्लीत उभी राहणार. त्याकरिता गावच्या पत्त्याचा दाखला काढण्याची जी खटपट होते, तिच्यात मी मोठमोठे अधिकारी गुंतलेले पाहिले आहेत.

धुराची चाळण

पुण्यातील एका सर्व्हिस सेंटरच्या प्रतीक्षाकक्षात, जिथे चहा फुकट आणि वृत्तवाहिनी सक्तीची असते, तिथे एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांची आणि जॉबकार्ड लिहिणाऱ्या तरुणाची जुगलबंदी मी ऐकली.

“काका, फिल्टर भरत आलाय. एकदा हायवेला चांगली पळवून आणा, दिवा आपोआप जाईल.”

“अहो, मला कोथरूडहून मंडईत जायचं असतं, साताऱ्याला नव्हे!”

या दोन वाक्यांत आजच्या डिझेल गाडीच्या मालकीची संपूर्ण शोकांतिका सामावलेली आहे, म्हणून ती जरा विस्ताराने सांगितली पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही प्रदूषणमर्यादा लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या धूरनळीत एक चाळण आली. तिच्या आत मधमाशांच्या पोळ्यासारख्या बारीक छिद्रांचा सिरॅमिकचा ठोकळा असतो. धुरातील काजळी त्यात अडकते आणि बाहेर पडणारी हवा स्वच्छ होते. अडकलेल्या काजळीचे पुढे काय करायचे, तर ती जाळून टाकायची. त्यासाठी धूरनळीतील तापमान सुमारे सहाशे अंशांपर्यंत चढावे लागते, आणि ते चढण्यासाठी गाडी काही काळ एका लयीत, मध्ये न थांबता, बऱ्यापैकी वेगाने धावावी लागते. गाडीचा संगणक वेळोवेळी थोडे ज्यादा डिझेल सोडून हे दहनकर्म स्वतःहून आरंभतो. परंतु तेवढ्यात मंडई येते, मालक किल्ली फिरवतो, आणि कर्म अर्धवट राहते. असे वारंवार झाले म्हणजे न जळलेले डिझेल इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरते, ऑइलची पातळी वाढते आणि त्याचा घट्टपणा जातो. अखेरीस फलकावर पिवळा दिवा लागतो, मग गाडी जोर टाकते, आणि मग ती टो व्हॅनवर चढते.

यात गाडीचा अपराध नाही आणि काकांचाही नाही. मागील पिढीत डिझेल घेणे म्हणजे शहाणपणा, हे समीकरण घराघरांत पक्के झाले होते, कारण तेव्हा दोन इंधनांच्या भावात मोठी तफावत होती आणि डिझेलचे अ‍ॅव्हरेजही चांगले. ते समीकरण आजही खरे आहे, परंतु ते महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर महामार्गावर फिरणाऱ्या कंत्राटदारासाठी. रोज चार किलोमीटर जाऊन चार किलोमीटर परत येणाऱ्यासाठी नव्हे. विकणारा हा प्रश्न स्वतःहून विचारत नाही. ‘रोज किती फिरणे होते?’ एवढी साधी पृच्छा नोंदणीअर्जावरच छापली असती तर, माझे स्पष्ट मत आहे की, सर्व्हिस सेंटरच्या निम्म्या तक्रारी जन्मालाच आल्या नसत्या. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत हे सारे लिहिलेले असते. पण ती पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या वेष्टणासह, आरसी आणि गणपतीच्या तसबिरीखाली, अस्पर्श नांदत असते.

काही डिझेल गाड्यांना धुरासाठी आणखी एक नैवेद्य लागतो: ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी निर्खनिज पाणी यांचे द्रावण. त्याची टाकी निराळी. ती संपली आणि गाडी एकदा बंद केली की पुन्हा सुरू होत नाही. वाळवा तालुक्यातील एक ऊस बागायतदार हे ऐकून हसत म्हणाले, “युरिया? माझ्या गोदामात पोत्यांची थप्पी आहे की!” त्यांच्या मेकॅनिकने त्यांना वेळीच परावृत्त केले हे उत्तम झाले, कारण शेतीच्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचे लेपन असते, आणि पिकाला जे मानवते ते त्या नाजूक फवाऱ्याला मानवत नाही.

तिसरी रांग

सात आसनांची गाडी घेण्यामागील युक्तिवाद सर्व घरांत सारखाच असतो: आई-बाबा, आपण दोघे, मुले दोन आणि कधी आत्या. हा हिशेब बिनचूक आहे. फक्त आत्या कुठे बसणार, एवढे त्यात ठरलेले नसते. मधली रांग दुमडून, वाकून, एक पाय आत आणि एक पाय अधांतरी अशा अवस्थेत तिसऱ्या रांगेत प्रवेश करावा लागतो, आणि तिथे पोहोचल्यावर गुडघे छातीजवळ येतात. त्यामुळे वयाचा मान उलटा होतो: ज्येष्ठ पुढे, आणि मागे मुले. घाट लागला की मागच्या चाकांवर बसलेल्या त्या मुलांनाच सर्वांत आधी मळमळते. आंबेनळी किंवा कुंभार्ली उतरताना आवळासुपारीची डबी पुढून मागे हातोहात जाते.

ज्येष्ठांचा प्रश्न वेगळाच. गाडी उंच आहे याचे कौतुक चालवणाऱ्यास असते, कारण त्याला पुढच्या तीन गाड्यांपलीकडचे दिसते, चढणाऱ्यास नसते. सांगली जिल्ह्यातील एका वाड्याच्या अंगणात नव्या गाडीस ओवाळून झाल्यावर आजींनी विचारलेला “पाय कुठं ठेवू रे बाळा?” हा प्रश्न त्या गाडीच्या कोणत्याही जाहिरातीत उत्तरलेला नाही. आठवड्याभरात गाडीला दोन्ही बाजूंस फूटस्टेप बसले. ते सात-आठ हजारांचे काम त्या घरात गाडीच्या साऱ्या सोयींपेक्षा अधिक नावाजले जाते, आणि सनरूफ मात्र दीड महिन्यानंतर कोणी उघडलेले नाही.

परंतु गणपतीत ही गाडी आपल्या खऱ्या स्वरूपात प्रकट होते. मुंबई-ठाण्याहून कोकणात जाणाऱ्या वाहनांस शासन त्या दिवसांत पथकरमाफीचे पास देते. तो पास काचेवर डकवून, मखर, आरास, शिधा आणि सात माणसे घेऊन गाडी निघते. सातही आसने उघडल्यावर डिकीत दोन-तीन पिशव्यांपलीकडे काही राहत नाही, म्हणून टपावर कॅरिअर चढते, आणि नव्या गाड्यांच्या टपावरील चकचकीत दांड्या पुष्कळदा केवळ शोभेच्या असतात हे ज्ञान पनवेलच्या अलीकडेच प्राप्त होते. मुंबई-गोवा महामार्गाची जी दशा वर्षानुवर्षे आहे तिच्यावर या गाड्यांची मोठी चाके आणि उंच तळ खरोखर कामास येतात. माणगावच्या कोंडीत पाच तास अडकलेल्या एका कुटुंबाने मला सांगितले की, आधीची छोटी गाडी असती तर आम्ही भांडलो असतो. हिच्यात निदान झोपलो. एवढ्यासाठी पंचवीस लाख अधिक होतात की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. त्या कुटुंबाने ठरवले होते.

सरळ रस्त्याचे भय

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी भिवंडी तालुक्यातील आमणेपर्यंत ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग. गाड्यांस ताशी १२० किलोमीटरची मर्यादा, सिमेंटचे कठीण पृष्ठ आणि विदर्भातील उन्हाळा, यांच्या संगमावर टायर हा एकच अवयव उभा असतो. पुरेशी हवा नसलेला टायर धावताना अधिक दुमडतो, दुमडल्याने तापतो आणि तापून फुटतो. सात माणसे व सामान भरलेल्या गाडीच्या मागील टायरांत रोजच्यापेक्षा अधिक हवा लागते. किती, याचा तक्ता चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. मी ज्यांना ज्यांना तो दाखवला त्यांतील बहुतेकांनी तो प्रथमच पाहिला, आणि त्यांत दोन इंजिनिअर होते.

चालकसाहाय्याची नवी यंत्रणा, जी कॅमेरा आणि रडार यांच्या डोळ्यांनी पुढील वाहन ओळखून आपण होऊन ब्रेक लावते आणि पट्टा सोडला की चाक हळूच ओढते, ती या मार्गावर मात्र तिच्या कर्त्यांच्या कल्पनेप्रमाणे वागते. तीच गाडी गळीत हंगामात इस्लामपूर-कराड भागात आणावी. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, मागे दिवा नसलेले ट्रॅक्टर, उसाची लोंबती वाढी, मधूनच डावीकडून येणारी दुचाकी, आणि पुसून गेलेले पांढरे पट्टे. यांच्यापुढे ती यंत्रणा भांबावते आणि अकारण कचकन ब्रेक लावते, तोच मागील एसटीचा हॉर्न कानाशी येतो. तिकडचे पुष्कळ मालक ती सोय बंद ठेवतात. मला हे गैर वाटत नाही.

गैर वाटते ते दुसरे. भारत एनकॅप ही चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली, त्याच डिसेंबरात हॅरिअर व सफारी यांना तिचे पहिले पंचतारांकित दाखले मिळाले, आणि तेव्हापासून ‘पाच तारे’ हा शब्द प्रत्येक मालकाच्या जिभेवर आहे. परंतु ते तारे पट्टा बांधलेल्या पुतळ्यांना मिळालेले आहेत. मागील आसनावरील पट्टा कायद्याने बंधनकारक असूनही मी पाहिलेल्या गाड्यांत तो आसनाखाली खुपसलेला, किंवा टुंटुं वाजू नये म्हणून रिकाम्या कडीत अडकवलेला होता, आणि नातू आजोबांच्या मांडीवर उभा होता.

तळमजल्यावरील तंटे

कुर्ल्याला घडणारी प्रीमियर पद्मिनी साधारण एक मीटर सेहेचाळीस सेंटिमीटर रुंद होती. एक्सयूव्ही ७०० ची रुंदी एक मीटर एकोणनव्वद, आणि तीही आरसे वगळून. मधल्या काळात माणसे ऐसपैस झाली असतील, पण ऐंशीच्या दशकातील गृहसंस्थांचे खांब होते तिथेच आहेत. अडीच मीटर रुंदीच्या चौकटीत अशी गाडी मधोमध उभी केली तर दोन्ही बाजूंस जेमतेम एकेक फूट उरतो, त्यातून दार उघडून बाहेर पडणे हे योगसाधनेचे काम. म्हणून मालक गाडी एका अंगाला चिकटवतो, शेजाऱ्याचे दार अडते, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत सेक्रेटरीसमोर दोन्ही पक्षांच्या कैफियती दाखल होतात. एका संस्थेने अखेर खडूने रेषा आखून तंटा मिटवला. पावसाळ्यात रेषा पुसली गेली आणि तंटा पूर्ववत सुरू झाला.

त्याच पावसाळ्यात बॉनेटखालच्या उबेला उंदीर येतात आणि वायरिंग कुरतडतात. गाडी जितकी आधुनिक तितक्या वायरी अधिक, आणि तितके बिल मोठे. तंबाखूच्या पानांची पुरचुंडी इंजिनाशेजारी बांधण्याचा उपाय मी सर्वत्र ऐकला. तो लागू पडतो असे शपथेवर सांगणारे जितके भेटले तितकेच पडत नाही असे सांगणारेही भेटले. तळाशी जाळी ठोकून घेणे आणि गाडी रोज हलवणे, हे त्यांतल्या त्यात भरवशाचे.

बोजा उतरतो तेव्हा

पाच-सात वर्षांनी हप्ते फिटतात. बँकेचे नाहरकत पत्र आणि पस्तीस क्रमांकाचे फॉर्म घेऊन आरसीवरील बोजा उतरवावा लागतो. पुष्कळजण हे विसरतात आणि विक्रीच्या दिवशी धावाधाव करतात. जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘एक हाती, डॉक्टर मालक’ हे अद्याप सर्वांत किमती विशेषण आहे. त्याच बाजारात दिल्लीच्या गाड्याही भेटतात: दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली टाच आणली, तेव्हापासून तिकडील वाहने मुदत भरण्यापूर्वी इकडे स्वस्तात येऊ लागली. त्या दिसायला तजेलदार असतात. मात्र येथील वाहनकर नव्याने भरावा लागतो, आणि तो हिशेबात धरला की स्वस्ताई पुष्कळशी विरते. मी जे पाहिले त्यावरून अशी गाडी घेण्याचा सल्ला मी कोणास देणार नाही.

नवी घेणाऱ्यास मात्र एवढी विनंती आहे. चाचणीसाठी गाडी घरी बोलावता येते. ती बोलावताना रविवार निवडावा आणि घरातील सर्वांना, विशेषतः आजींना आणि आत्यांना, तिच्यात बसवावे. तिसऱ्या रांगेत स्वतः निदान अर्धा तास बसून पाहावे. आपल्या वाहनतळाची रुंदी टेपने मोजावी. रोज किती किलोमीटर फिरणे होते ते महिनाभर कागदावर टिपावे, आणि तो आकडा पंधरा-वीसच्या आत असेल तर डिझेलचा नाद सोडून पेट्रोल घ्यावे. बाकी रंग कोणताही चालेल.